चरबीच्या पिशवीतले औषध

2021 च्या मे महिन्यात काळ्या बुरशीचे म्हणजे म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, तेव्हा वैजापूरहून थेट मुंबईपर्यंत नातेवाईक 'लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी' शोधत फिरत होते. हिशेब साधा आणि भयंकर होता. दर किलो वजनामागे रोज 5 मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 300 मिलिग्रॅम. 50 मिलिग्रॅमच्या सहा कुप्या, रोज, आणि तेही कित्येक आठवडे! 12 जून 2021 रोजी जीएसटी परिषदेने या औषधावरील पाच टक्के कर शून्यावर आणला. कुपीच मिळत नसेल, तर करमाफीचे सुख ते किती?

हे मूळ औषध व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून 1950 च्या दशकात मिळाले. बुरशीच्या पेशीच्या पातळ आवरणात अर्गोस्टेरॉल असते. औषधाचे रेणू त्याला चिकटतात, आवरणाला छिद्रे पडतात, आतले पोटॅशियम गळते आणि बुरशी मरते. आपल्या पेशींत अर्गोस्टेरॉल नसले, तरी त्याचा चुलतभाऊ कोलेस्टेरॉल असतो. त्यामुळे साधे औषध आपल्यालाही सोडत नाही; विशेषतः मूत्रपिंडे दुखावतात.

यावरचा उपाय आला केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथून. तेथे ॲलेक बँगहॅम यांना 1960 च्या दशकात दिसले की, लेसिथिनसारखे स्निग्ध पदार्थ पाण्यात आपोआप बंद पिशव्या करतात. पिशवीची भिंत पेशीच्या आवरणासारखीच दुपदरी असते. तीच लायपोसोम. ॲम्फोटेरिसिन या भिंतीतच रुतून बसते. कोलेस्टेरॉलपेक्षा अर्गोस्टेरॉलची ओढ त्याला अधिक असल्याने बुरशीपाशी पोहोचेपर्यंत ते बरेचसे पिशवीतच राहते.

त्याच मे महिन्यात वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने हे औषध बनवले. जाहीर किंमत 1200 रुपये. आपल्या विदर्भाची ही कामगिरी मोठीच, पण ते इमल्शन होते, लायपोसोम नव्हे. म्हणजे नाव एकच, प्रकार अनेक: साधे, इमल्शन, लायपोसोमल वगैरे. साध्या प्रकाराची मात्रा दर किलोला सुमारे एक मिलिग्रॅम, फार तर दीड. लायपोसोमलची पाच मिलिग्रॅमची मात्रा चुकून साध्या कुपीतून दिली गेली, तर हृदय आणि श्वास बंद पडू शकतो. म्हणून कुपी हाती आली की, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा प्रकार आणि कुपीवरचा प्रकार जुळतो का, हे परिचारिकेकडून पडताळून घ्यावे, आणि बिलावरही तोच शब्द लिहून मागावा.