ओसरीवरून : वेगळें भांडें

गेल्या महिन्यांत या सदरांत चातुर्मासांतल्या फराळाविषयीं लिहिलें होतें. त्यावर आलेल्या पत्रांवरून असें दिसलें कीं, आपले वाचक स्वयंपाकघरांत चांगलेच रमतात. या खेपेस त्यांना एक रात्र घराबाहेर काढावयाचें आहे. फार दूर नाहीं; वर्ध्यापर्यंतच.

आमचें घर नागपूरचें, आणि लहानथोर मिळून अकरा माणसांचें. या अकरा माणसांचें जेवणावर एकमत होतें, प्रवासावर होत नाहीं. दिवाळीच्या सुटींत कोठें जावें हा प्रश्न निघतांच चिरंजीवांनीं पणजीचें नांव पुढें केलें. पणजीस पोर्तुगीजांनीं १८४३ सालीं राजधानीचा मान दिला. तेथें फोंतेन्यास नांवाचा जो जुना भाग आहे, त्यांतील पिंवळ्या, निळ्या व तांबड्या भिंतींच्या कांहीं घरांत आतां प्रवाशांच्या उतरण्याची सोय झाली आहे. लांकडी सज्जे, कौलारू छपरें, उंच पलंग, अरुंद गल्ल्या. सूनबाईंनीं चित्रें दाखविलीं, आणि तीं पाहून मलाहि मोह पडला हें कबूल करतों. जुन्या वास्तूंत उतरण्याची हौस सांप्रत सर्वत्र वाढली आहे, व त्यांत वावगें कांहींच नाहीं. अशा घरांत खोलीच्या भाड्यांत थोडा जुना काळहि पदरांत पडतो.

प्रत्येकाचें मत घेतां घेतां पाळी थोरल्या काकूंची आली. त्या म्हणाल्या, “तुम्ही सगळे गोव्यास खुशाल जा. मला मात्र त्याआधीं वर्ध्यास ने. एक रात्र सेवाग्रामास राहावयाचें आहे.”

काकूंचें वय अठ्ठ्यायशीं, माहेर वर्ध्याचें. लग्न होऊन आमच्या घरांत आल्यापासून त्यांनीं स्वतःसाठीं कांहीं मागितल्याचें कोणासच आठवेना. “वर्ध्यास पाहण्यासारखें आहे तरी काय?” असें चिरंजीव पुटपुटले खरे, परंतु आठ दिवसांनीं मी, सौभाग्यवती आणि काकू असे तिघें वर्ध्याच्या स्थानकावर उतरलों.

वस्तुतः पणजीप्रमाणें वर्धा हेंहि परक्या राज्यकर्त्यांनींच उभारलेलें शहर होय. १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यांतून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यांत आला. त्याचें ठाणें प्रथम पुलगांवाजवळ कवठा येथें होतें. पुढें १८६६ मध्यें पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं नवें शहर आंखण्यांत आलें व नदीचें नांव त्यास मिळालें. दुसऱ्याच वर्षीं मुंबईकडून येणारा लोहमार्ग नागपुरास जाऊन पोहोंचला. या सर्व लगबगीच्या मुळाशीं कापूस होता. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी चालली, तिकडचा माल विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि आमच्या काळ्या जमिनींतल्या कापसास एकाएकीं भाव आला. त्यांत हिंगणघाटचा कापूस तर आधींपासूनच नांवाजलेला. वर्ध्याचे सरळ रस्ते ज्या साहेबांनीं आंखले, त्यांच्या डोळ्यांसमोर कापसाच्या गाड्या होत्या.

अशा शहरांत परगांवच्या माणसानें उतरावें कोठें, हा प्रश्न त्या काळीं ज्याच्या त्याच्या जातीप्रमाणें सुटत असे. साहेबासाठीं डाकबंगला, व्यापाऱ्यासाठीं त्याच्या जातभाईंची धर्मशाळा, आणि ब्राह्मणासाठीं ओळखीच्या घरची ओसरी किंवा सोंवळ्याची खानावळ. आगगाडीच्या डब्यांत सर्वांस खेटून बसावें लागे; परंतु स्थानकावर उतरल्यावर ‘हिंदु पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा वेगळ्या घागरी त्यांची वाट पाहत असत. उतारूनें दारांत पाऊल टाकलें कीं पहिला प्रश्न, ‘आपण कोण?’ त्याचें उत्तर मनाजोगतें आलें तरच दुसरा, ‘पाणी घेणार का?’

हा पहिला प्रश्न गाळून टाकणारीं दारें याच शहरांत निघालीं, हें वर्ध्याचें मोठेपण. जमनालाल बजाज हे राजस्थानांतून वर्ध्याच्या व्यापारी घराण्यांत दत्तक आलेले. त्यांची बजाजवाडी नांवाला घर होती. खरें पाहतां तें राष्ट्राचें अतिथिगृहच होतें. काँग्रेसच्या कार्यकारिणीच्या बैठकींसाठीं देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणारीं माणसें तेथें उतरत. याच घराण्याचें शहरांतील लक्ष्मीनारायणाचें मंदिर १९२८ च्या जुलैंत अस्पृश्य मानलेल्या समाजास खुलें झालें. ही गोष्ट त्या वेळीं केवढ्या धाडसाची होती, हें आज समजावून सांगावें लागतें, यांतच तिचें यश आहे. जमनालालजी ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं वारले. त्यानंतर पांच महिन्यांनीं, १४ जुलै रोजीं, इंग्रजांनीं हा देश सोडावा असा ठराव कार्यकारिणीनें वर्ध्यासच केला.

काकूंच्या माहेरचें घर आतां राहिलेलें नाहीं. त्या जागेवरून रिक्षा पुढें गेली तेव्हां त्यांनीं मान वळवून पाहिलेंहि नाहीं. “सरळ सेवाग्रामास चल,” एवढेंच म्हणाल्या.

सेवाग्राम वर्ध्यापासून आठ किलोमीटरांवर आहे. मूळ नांव सेगांव. ३० एप्रिल १९३६ रोजीं गांधीजी येथें राहावयास आले. गजानन महाराजांच्या शेगांवाशीं नांवाचा घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाऊं लागलें, म्हणून १९४० मध्यें गांवाचें नांव सेवाग्राम करण्यांत आलें. आम्हांस उतरण्यास मिळालेली खोली साधी होती. स्वच्छ जमीन, खाटा, खिडकींतून दिसणारें कडुनिंबाचें झाड. खोली आपण झाडावी, आपलें ताट आपण घासावें. सौभाग्यवतींनीं काकूंच्या ताटाला हात लावला तेव्हां काकूंनीं तें हळूच ओढून घेतलें. म्हणाल्या, “आज माझें मला घासूं दे.”

तिसऱ्या प्रहरीं कुट्या पाहिल्या. गांधीजींची कुटी मातीची, बांबूंची व देशी कौलांची. तिच्यावर पांचशें रुपयांहून अधिक खर्च होऊं नये व सामान आणि मजूर जवळपासचेच असावेत, अशी त्यांची अट होती. मीराबेननीं मातीच्या भिंतींवर खजुरीचीं झाडें उठविलीं आहेत, तीं आजहि आहेत. देशांतल्या मोठमोठ्या वाटाघाटी ज्या खोलींत झाल्या, त्या खोलींत चटई, बैठें मेज आणि तक्क्यासारखी एक फळी. शेजारच्या ‘आखरी निवासां’त जानेवारी १९३८ मध्यें लॉर्ड लोथियन हे ब्रिटिश उमराव राहून गेले. त्यांना चार पायऱ्या खालीं उतरावें लागलें असेल. इव्हान इलिच नांवाचा युरोपीय विचारवंत १९७८ सालीं येथें आला, कुटींत बराच वेळ बसून राहिला, आणि माणूस सामानानें भरलेल्या इमारतीस घर समजूं लागला आहे, अशा आशयाचें भाषण त्यानें येथेंच केलें. फोंतेन्यासचे उंच पलंग मला तेव्हां आठवले आणि थोडें हंसूं आलें.

परंतु काकूंचें लक्ष यांपैकीं कशांतच नव्हतें. त्या हळूहळू चालत एका लहानशा कुटीपाशीं जाऊन थांबल्या. ती परचुरे शास्त्र्यांची कुटी.

परचुरे शास्त्री संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींच्या वेळीं तेहि कैदी होते. त्यांना कुष्ठरोग जडला, आणि १९३९ मध्यें ते सेवाग्रामास येऊन दाखल झाले. आश्रमांत इतर माणसें होतीं, लेंकरें होतीं. अशा पाहुण्यास ठेवून घ्यावें कीं नाहीं, हा प्रश्न गांधीजींनाहि सोपा गेला नाहीं. परंतु त्यांनीं शास्त्र्यांस ठेवून घेतलें, आपल्या कुटीपासून जवळच निवारा दिला, आणि रोज स्वतःच्या हातांनीं त्यांचें अंग चोळून दिलें. पुढें शास्त्री दत्तपूरच्या कुष्ठधामांत राहिले व १९४५ मध्यें तेथेंच वारले. हें दत्तपूर वर्ध्याजवळच असून विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालीं तेथें काम सुरू केलें होतें.

काकू कुटीच्या पडवीच्या कडेला टेकल्या. बराच वेळ कोणीच बोललें नाहीं. मग त्या म्हणाल्या, “आमचे नाना दत्तपूरला जात असत. तुला ठाऊक नसेल.”

मला ठाऊक नव्हतें. आमच्या घरांत कोणासच ठाऊक नव्हतें.

काकूंचे वडील वकील. दर रविवारीं ते सायकलीनें दत्तपुरास जात आणि ज्यांच्या बोटांत लेखणी धरण्याची शक्ति उरली नव्हती, त्यांचीं पत्रें लिहून देत. घरांत त्यांच्या मातोश्रींचें राज्य. त्यांनीं मुलास जाऊं नको असें कधीं म्हटलें नाहीं. फक्त एक पितळेचें ताट आणि एक लोटीभांडें ओटीवरच्या कोनाड्यांत काढून ठेवलें. त्या दिवसापासून नाना स्वतःच्या घरांत ओटीवर जेवूं लागले. त्यांना वरून वाढीत. आपलीं भांडीं ते आपण घासून कोनाड्यांत ठेवीत. घरांत भांडण झालें नाहीं कीं कोणी रडलेंहि नाहीं. सर्व कांहीं रीतसर चाललें होतें.

“मी सात वर्षांची होतें,” काकू सांगूं लागल्या. “उन्हाळ्याचे दिवस. नाना दुपारचे परत आले, तोंड लाल झालेलें. घरांत सगळीं निजलेलीं. मला म्हणाले, बाळ, पाणी दे ग. मी आंतून पाणी आणलें, कोनाड्यांतल्या भांड्यांत वरून ओतलें, आणि तें भांडें जमिनीवरून त्यांच्याकडे सरकवलें. हातांत दिलें नाहीं. नानांनीं माझ्याकडे पाहिलें. कांहीं बोलले नाहींत. पाणी प्याले, भांडें विसळलें आणि जागेवर ठेवलें.”

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “मला तसें कर म्हणून कोणी सांगितलें नव्हतें रे. मी पाहून शिकलें होतें.”

त्या दिवशीं प्रार्थनेच्या वेळीं गांधीजींनीं लावलेल्या पिंपळाजवळ आम्ही बसलों होतों. काकूंचें अंतःकरण हलकें झालें असेल असें मला वाटलें होतें. पण तसें दिसलें नाहीं. रात्रीं दोनदां त्या उठून बसल्या. सकाळीं निघतांना मात्र त्या पुन्हां एकट्याच त्या कुटीकडे जाऊन आल्या. तेथें त्यांनीं काय केलें, हें मीं विचारलें नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. त्या काळच्या आजीबाईंस निव्वळ दुष्ट ठरविणें सोपें, पण अन्यायाचें होईल. कुष्ठरोगाचा जंतु १८७३ सालींच हान्सेन यांनीं शोधून काढला होता. तथापि १९४० च्या सुमारास सामान्य घरास कडू कवठाच्या तेलाखेरीज दुसरा उपाय माहीत नव्हता, आणि भीति खरी होती. आज तसें राहिलेलें नाहीं. हा रोग सहजासहजीं जडत नाहीं, बहुतेक माणसांच्या अंगीं त्याला तोंड देण्याची शक्ति उपजतच असते, व १९८० नंतर प्रचारांत आलेल्या एकत्रित औषधोपचारानें तो पूर्ण बरा होतो. हीं औषधें सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. अंगावर बधिर, फिकट डाग दिसल्यास लपवूं नये, वेळींच दाखवावें. भीतीचें कारण गेलें आहे. परंतु भीतीनें घालून दिलेली रीत तिच्यामागें किती वर्षें टिकते, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न मला घरीं आल्यावर दुसऱ्याच दिवशीं सकाळीं भेटला. आमच्याकडे भांडीं घासावयास येणाऱ्या बाई चौदा वर्षांपासून येत आहेत. त्यांचा चहा आमच्या घरीं कधीं चुकला नाहीं, याचा आम्हांस अभिमान आहे. त्यांचा कान तुटलेला कप स्वयंपाकघराच्या खिडकींत, बाहेरच्या बाजूस, पालथा ठेवलेला असतो. तो तेथें कोणीं ठेवला, केव्हांपासून ठेवला, हें कोणीच सांगूं शकलें नाहीं. तसा ठराव आमच्या घरांत कधीं झाला नव्हता. आम्हीहि पाहूनच शिकलों होतों.

काकूंनीं सूनबाईंस सांगितलें, “आज मला त्या कपांत चहा दे, आणि त्यांना माझ्या कपांत.” सूनबाई घुटमळल्या, पण त्यांनीं तसें केलें. काकूंनीं तो कप दोन्ही हातांनीं बाईंच्या हातांत दिला.

येथेंच थांबलों असतों तर ही गोष्ट गोड झाली असती. पण खरें तें सांगितलें पाहिजे. बाई अवघडल्या. त्यांनीं कप घेतला, मागच्या दारीं गेल्या, पायरीवर बसून चहा प्याल्या, आणि कप विसळून खिडकींत पालथा ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशींहि तसेंच झालें. काकू रोज तो कप उचलून फडताळांत इतर कपांबरोबर ठेवतात. रोज तो खिडकींत परत जातो. हा खेळ चालू होऊन आतां तीन आठवडे झाले आहेत. गेल्या गुरुवारीं बाईंनीं तो प्रथमच खिडकींत न ठेवतां ओट्यावर ठेवला. काकूंनीं मला बोलावून दाखविला.

गोव्यास गेलेली मंडळी आनंदानें परत आली. पुढल्या वर्षीं मीहि तिकडे जाईन म्हणतों. जुन्या वास्तूंचें कौतुक मला आहेच. वाचकांस मात्र एक विनंति आहे. हा अंक खालीं ठेवल्यावर उठून आपल्या घरच्या खिडक्या व कोनाडे एकदां पाहावेत. तेथें एखादें भांडें पालथें घातलेलें असेल, तर तें कोणाचें आहे हें घरांतल्या लहान मुलांस विचारावें. त्यांना नक्की माहीत असेल.