रंगाखालची चेसी

पुतण्याला जीप घ्यायची आहे. फोर-बाय-फोरच हवी, यावर घरात एकमत आहे. शोरूममधली कोरी घ्यावी की जुनी, खोलून पुन्हा बांधलेली घ्यावी, यावर मात्र आमच्या ओसरीवर तीन आठवडे बोलणं चाललंय. परवा तो म्हणाला, "काका, तुम्ही एकदाच काय ते सांगा, पाडवा जवळ आलाय." हा लेख म्हणजे त्याला दिलेलं उत्तर आहे. गावोगावच्या ओसऱ्यांवर हाच प्रश्न पडलेला असणार, म्हणून तो इथे मांडतो.

आधी रस्ता सांगतो. त्याचं शेडनेट टेंभुर्णीपासून अडीच किलोमीटरवर आहे, त्यातला शेवटचा दीड किलोमीटर शिवरस्ता. जमीन काळी, भारी, कापसाची. उन्हाळ्यात हाच रस्ता दगडासारखा टणक असतो आणि भेगा अशा पडतात की त्यात हात जावा. पहिला मोठा पाऊस झाला की तीच माती फुगते आणि चाकाला धरते. चिखल टायर आणि मडगार्डाच्या मधे गच्च भरत जातो आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. मागच्या चाकांवर चालणारी गाडी अशा वेळी जागच्या जागी खड्डा करत बसते. पाणंद रस्त्यांसाठी २०२१मध्ये मातोश्रींच्या नावाने योजना आली, काही शिवारांत मुरूम पडलाही. आमच्या बाजूला अजून काळी मातीच आहे.

तो नेटमध्ये मिरचीचं बीजोत्पादन घेतो. हे काम एक दिवसही थांबत नाही. आज संध्याकाळी बायका न उमललेल्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढतात, उद्या सकाळी त्या फुलावर दुसऱ्या वाणाचा पराग लावतात. आमच्याकडे याला क्रॉसिंग म्हणतात. सकाळ हुकली की फूल गेलं, आणि फुलाबरोबर त्यातलं बी गेलं. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा ऐन क्रॉसिंगचे दिवस होते. त्याचा पिकअप दोनदा रुतला. बायका गुडघाभर चिखलातून चालत गेल्या, त्यातली एक घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. फोर-बाय-फोर हवी हे त्या दिवशी ठरलं. ही हौस नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण अशी गाडी घेणाऱ्याकडे गाव हौशी म्हणूनच पाहतं.

ट्रॅक्टर आहेच की, असं कोणीही म्हणेल. ट्रॅक्टर आहे. पण पावसात उघड्या ट्रॉलीत माणसं बसवणं धोक्याचं आणि बेकायदा. सकाळी घाईच्या वेळी चार फेऱ्या मारायला तो सोयीचाही नाही.

करांचा हिशेब मात्र मला खुपतो. २२ सप्टेंबर २०२५पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी ५ टक्के झाला, ते चांगलं झालं. चार मीटरच्या आतल्या, १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला १८ टक्के लागतो. पेट्रोलला ही मर्यादा १२०० सीसीची. त्यापुढे सरळ ४० टक्के. थारचं छोटं दीड लिटरचं डिझेल इंजिन १८ टक्क्यांत बसतं, पण त्याच्याबरोबर फक्त मागच्या चाकांची ओढ मिळते. चारही चाकं ओढणारी थार मोठ्या इंजिनासह येते, ती ४० टक्क्यांत. जिम्नी सगळीच फोर-बाय-फोर, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून तीही ४० टक्क्यांत. गुरखाचं तेच. चिखलातून चालणारी गाडी कराच्या लेखी चैनीची वस्तू ठरते. शेतरस्ता ज्याच्या नशिबी काळ्या मातीचा आहे त्याला ही चैन नाही, आणि हे दिल्लीला कोणीतरी सांगायला हवं. नवी डिझेल फोर-बाय-फोर रस्त्यावर येईपर्यंत पंधरा लाखांपुढे जाते. बीजोत्पादनाच्या दोन चांगल्या हंगामांचं उत्पन्न त्यात गेलं.

तरी नव्या गाडीची बाजू मी मनापासून मांडतो. दोन एअरबॅग, एबीएस, पट्टे. थारला २०२०मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले. जुन्या जीपमध्ये यातलं काही नसतं. ताडपत्रीचं छप्पर आणि समोर लोखंडी डॅशबोर्ड. रात्री-अपरात्री लेकराबाळांना घेऊन जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचं असेल, समृद्धीवर चढायचं असेल, तर मी कोणालाही जुन्या जीपमध्ये बसू देणार नाही. तिथे पैशाचा विचारच करू नये.

पण पुतण्याकडे घरची छोटी मोटार आहे. जीप फिरणार गाव ते शिवार, दिवसाला दहा-बारा किलोमीटर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. इथे नव्या डिझेल गाडीची एक अडचण आहे, जी शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही. एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी असते. ती काजळी जाळून साफ व्हायला गाडी अधूनमधून काही वेळ बऱ्या वेगात सलग चालावी लागते. रोज दीड किलोमीटर चिखलात आणि मग नेटपाशी उभी, अशा वापरात ती जाळी तुंबते, दिवा लागतो, आणि स्कॅनर जोडायला गाडी शहरात न्यावी लागते. क्रॉसिंगच्या दिवसांत गाडी दोन दिवस शहरात अडकली तर ती घेतली कशाला?

जुन्या जीपचं बळ नेमकं इथे आहे. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. तेव्हापासून साठेक वर्षं ही गाडी थोड्याफार फरकाने तीच राहिली. तिचं डीआय इंजिन ट्रॅक्टरच्याच घराण्यातलं. आमच्या भागात काळी-पिवळी म्हणून कमांडर जीप वर्षानुवर्षं धावल्या, त्यामुळे इथला कोणताही मिस्त्री ते इंजिन डोळे मिटून खोलतो. नोझल, क्लच प्लेट, ब्रेक शू, पाट्याचे बुश हे सगळं तालुक्याच्या दुकानात मिळतं. चाक आणि मडगार्ड यांच्यात एवढी जागा असते की चिखल भरला तर सळईने खरवडून काढता येतो. मला ही गाडी आवडते ती या साधेपणासाठी.

मग जुनी घ्यावी, हे ठरलं. तरी खरा प्रश्न पुढेच आहे, कारण जुन्या गाड्याही दोन प्रकारच्या असतात.

एक असते 'नवी करून' विकायला ठेवलेली. हरियाणाच्या सिरसा जिल्ह्यातलं मंडी डबवाली हे गाव जुन्या जीप उभ्या करण्यासाठी देशभर ओळखलं जातं. तसे कारागीर आता आपल्याकडच्या शहरांतही आहेत, आणि त्यांतले कित्येक उत्तम काम करतात. चकाकता रंग, रुंद टायर, पुढे विंच, नवं छत. पाहणारा हरखतो. अकरा वर्षांपूर्वी मीही हरखलो होतो. घेतलेली जीप चार महिने झकास चालली. पाचव्या महिन्यात नाल्यातून चढताना मागून कडाड आवाज आला आणि गाडी एका अंगाला बसली. मिस्त्रीने खाली शिरून हात फिरवला आणि मला बोलावलं. मागच्या पाट्याचं ब्रॅकेट चेसीला जिथे बसतं तिथे चेसी गंजून पापुद्र्यांची झाली होती. त्यावर पत्र्याची पट्टी वेल्ड केली होती, पट्टीवर पुट्टी आणि पुट्टीवर काळा रंग. मिस्त्रीने स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर तो आत गेला. तो आवाज आणि तो आत जाणारा स्क्रू-ड्रायव्हर मी विसरलेलो नाही. त्या दिवशी गाडीत माझी आई मागच्या बाकावर बसलेली होती.

म्हणून पुतण्याबरोबर गेल्या महिन्यात एका शहरात अशीच एक जीप पाहायला गेलो तेव्हा खिशात लोहचुंबक आणि पिशवीत छोटी हातोडी होती. साडेपाच लाख सांगत होते. चुंबक बोनेटला चिकटला, दारापाशी चिकटला, मागच्या कोपऱ्यावर मात्र निसटून खाली पडला. तिथे पत्रा नव्हता, नुसती पुट्टी होती. चेसीवर हातोडीने हलकेच ठोकत गेलो. चांगलं लोखंड घंटेसारखं वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. एका जागी बद्द वाजलं. चेसी नंबर ताज्या जाड रंगाखाली होता, तो वाचायला खरवडायची परवानगी मागितली तर मिळाली नाही. आम्ही चहा पिऊन उठलो.

कागद हाही चेसीइतकाच महत्त्वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने गाडीत मूळ रचनेबाहेरचे बदल करायला बंधन घातलंय आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. इंजिन बदललं असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी. ती नसलेली गाडी कितीही देखणी असो, अपघात झाला की विमा कंपनी त्याच नोंदीवर बोट ठेवते. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध असल्यामुळे तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. त्यांना तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि इथला कर भरावा लागतो. तो हिशेब धरला की स्वस्ताई बरीच उतरते.

दुसरी जुनी गाडी म्हणजे कोणाच्या तरी वाड्यात उभी असलेली, न रंगवलेली. तिचा गंज उघडा असतो, डेंट दिसतात, गळती जमिनीवर डाग पाडून बसलेली असते. ती काही लपवत नाही. माझं मत असं की घ्यायची तर ही घ्यावी, आणि ओळखीच्या मिस्त्रीकडून डोळ्यांदेखत उभी करावी. चेसी उघडी पाडून, घासून, रेड ऑक्साइड मारून झाली की मगच वरचा पत्रा. रंग सगळ्यात शेवटी. यात दोन महिने जातात आणि खर्च कागदावरच्या अंदाजापेक्षा वाढतोच, हे धरून चालावं. पण गाडीच्या प्रत्येक सांध्यात काय आहे ते आपल्याला माहीत असतं.

तशी एक आम्हाला शेजारच्या गावी सापडली. २००६ची, डीआय इंजिन, एकाच मालकाची, एमएच २१ची. पंधरा वर्षं झाल्यावर २०२१मध्ये त्यांनी पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली होती. ती यंदा संपते. वीस वर्षांपुढच्या मोटारीला नूतनीकरणाचं शुल्क २०२५च्या ऑगस्टपासून १० हजार झालंय, वर पर्यावरण कर आणि फिटनेस. हे सगळं मांडून एक लाख ऐंशी हजारांवर बोलणं आलं.

रविवारी सकाळी सहाला गेलो, मालकाला आधी गाडी चालू करू नका असं सांगून. गार इंजिन खरं बोलतं. दुसऱ्या स्टार्टरला ती उठली, पांढरा धूर काढला आणि मिनिटभरात तो विरला. मिस्त्रीने ऑइलचं झाकण काढून तोंडावर तळहात धरला, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मान हलवली. वाफ जोराने येत नव्हती. मग पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली. उजवं हब फिरलं, डावं जाम. मालक ओशाळले. "सहा-सात वर्षं फोर-बाय-फोर टाकलंच नाही भाऊ, आता शेतात जाणारं कोणी राहिलं नाही," म्हणाले. मिस्त्रीने हबवर रॉकेल सोडलं आणि तो चहाला बसला. चेसीला मी टोकापासून टोकापर्यंत ठोकत गेलो. पुढच्या बंपरपाशी एक जागा बद्द वाजली, वीतभर. बाकी सगळी घंटेसारखी.

चहा झाल्यावर मिस्त्रीने पान्याने डाव्या हबला झटका दिला. कट् असा आवाज करून ते फिरलं. पुतण्या काही बोलला नाही, त्याने खिशातून इसाराची नोट काढली.

२९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून ठेवलेत. बुधवारी जालन्याला आरटीओत जायचंय.