किट कापा, विमान कळेल!

‘काय खेळणी जोडत बसलायस?’ स्केल मॉडेल बनवणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी ऐकावं लागतंच. पण सूचनापत्रक बघून भाग चिकटवणं ही नुसती सुरुवात. खरी मजा किटमध्ये बदल करण्यात आहे.

समजा, तुमच्याकडे जुन्या सी-१३० हर्क्युलिसचं १:७२ किट आहे आणि तुम्हाला हवंय आपल्या हवाई दलाचं सी-१३०जे-३०, २०१३मध्ये लडाखच्या दौलत बेग ओल्डीला उतरलेलं. मग चारऐवजी सहा पात्यांचे प्रोपेलर हवेत. शिवाय हे विमान १५ फुटांनी जास्त लांब, म्हणजे मॉडेलचं धड साधारण ६३ मिलिमीटरनं वाढवायचं. तेही एकाच जागी नाही; पंखांच्या पुढे ३५, मागे २८. असं का? कारण सगळी लांबी एकाच बाजूला वाढवली, तर विमानाचा तोलच बिघडेल!

वर्गात हेच ‘सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी’ म्हणून आपण पाठ करतो. इथं करवत हातात असताना ते डोक्यात शिरतं. म्हणून, मित्रांनो, दुसऱ्याचं जर्नल उतरवून काढण्यापेक्षा एखादं किट कापून बघा. बिघडलं तर पुट्टी आणि पॉलिश पेपर आहेतच की!