जुना ‘कॅसिओ’ घरी आणताना

इलेक्ट्रॉनिक कीबोर्डला आपल्याकडे कोणी कीबोर्ड म्हणत नाही. तो ‘कॅसिओ’. यामाहाचा असला तरी कॅसिओच. वनस्पती तुपाला डालडा आणि छायाप्रतीला झेरॉक्स म्हणण्याची आपली जी सवय, तीच येथेही. जपानमधील काशिओ बंधूंच्या कंपनीने आधी गणकयंत्रे केली आणि १९८० साली ‘कॅसिओटोन २०१’ हे वाद्य बाजारात आणले. पुढे ते नाव मध्यमवर्गीय घरांत इतके रुळले, की ते एका कंपनीचे नाव आहे याचेही विस्मरण झाले. तेव्हा या लेखातही मी तोच शब्द वापरते.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कॅसिओ घेण्याची बुद्धी मला का झाली, हे सांगितल्यावाचून पुढचे समजायचे नाही. आमच्या पनवेलच्या महिला मंडळात पेटी वाजवणाऱ्या ताई दोन वर्षांपूर्वी मुलाकडे पुण्याला राहावयास गेल्या आणि पेटीही अर्थातच त्यांच्याबरोबर गेली. त्यानंतर स्तवन जी सुरू करील तिचा सूर तो सर्वांचा सूर, अशी रीत पडली. आता, ज्यांचा गळा चांगला त्याच पुढाकार घेतात आणि त्यांना उंच सूर शोभतो. काळी पाचवरून सुरू झालेले स्तवन तिसऱ्या कडव्याला येईपर्यंत निम्म्या भगिनींचे केवळ ओठ हलत असतात. सत्तरी उलटलेल्या एक मावशी हळूहळू येईनाशा झाल्या. एकदा लाईन आळीत भेटल्या तेव्हा विचारले, तर म्हणाल्या, “सूर पोहोचत नाही गं. नुसते बसून टाळ्या वाजवायला बरे वाटत नाही.” हे वाक्य माझ्या मनातून जाईना. ज्यांनी आम्हां सगळ्यांना स्तवने शिकवली, त्याच सुराअभावी घरी बसल्या होत्या.

नवी पेटी घ्यावी असा पहिला विचार. परंतु चांगल्या पेटीची किंमत ऐकून यजमानांनी वर्तमानपत्र अंमळ अधिकच उंच धरले. शिवाय दुसरीही एक अडचण होती आणि ती आपल्या वाचकांना चटकन पटेल. तबल्याला बकऱ्याचे कातडे लागते हे सर्वांस ठाऊक असते. पण पेटीतही कातडे असते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. पट्टीखालच्या झडपांना मऊ कातड्याचे अस्तर लावतात, भात्याच्या घड्यांनाही ते असते. आमच्या सासूबाई या कारणासाठी पेटीला शिवतही नसत. कॅसिओत प्लॅस्टिक, रबर, तांबे यांपलीकडे काही नाही. आणि जुना घेतला तर नवी वस्तू घडवण्याचा खटाटोपही आपल्या निमित्ताने होत नाही. परिग्रह तो परिग्रहच, हे मान्य. पण निदान तो दुसऱ्याच्या माळ्यावरचा कमी होऊन आपल्याकडे आलेला असतो.

पहिली खरेदी साफ फसली. एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून अठराशे रुपयांना एक देखणा, छोटासा कॅसिओ आणला. दुकानात दिवे लागले, ताल वाजला, शंभर तऱ्हेचे आवाज निघाले. मी हरखून गेले. घरी बसून सा रे ग म वाजवू लागले, तर एका पट्टीवर ठेवलेले बोट शेजारच्या पट्टीलाही बोलके करी. दोष माझ्या बोटांचा नव्हता. त्या पट्ट्याच लहान मुलांच्या मापाच्या होत्या. भर म्हणून, दोन सूर एकत्र दाबले आणि त्यांवर ताल लावला की पहिला सूर मध्येच गिळला जाई, कारण अशा स्वस्त वाद्यात एका वेळी मोजकेच आवाज निघू शकतात. दुकानदाराने परत घेण्यास नकार दिला. चूक माझीच, मापून न घेता चप्पल कोणी विकत घेते का?

तेव्हापासून माझ्या पिशवीत नातवाची मोजपट्टी असते. पूर्ण मापाच्या वाद्यात सा पासून नी पर्यंतच्या सात पांढऱ्या पट्ट्यांची रुंदी सुमारे साडेसोळा सेंटिमीटर भरते. शाळेची पंधरा सेंटिमीटरची पट्टी आडवी ठेवावी. ती सातव्या पांढऱ्या पट्टीच्या मध्याच्या आसपास संपली, तर माप बरोबर. सातही पट्ट्या ओलांडून पुढे गेली, तर ते खेळणे आहे, नमस्कार करून निघावे. एकूण पट्ट्या एकसष्ट असाव्यात, म्हणजे पाच सप्तके मिळतात. स्तवनाला तीन पुरतात हे खरे, पण सदतीस पट्ट्यांची वाद्ये बहुधा लहान मापाचीच निघतात.

दुसरा कॅसिओ खांदा कॉलनीत मिळाला. परीक्षा झाली, मुलगी पुढील शिक्षणासाठी बाहेरगावी गेली आणि वाद्य पलंगाखाली गेले, अशी घरे या शहरात शेकड्यांनी असतील. मेअखेरीस, बदल्यांच्या आणि प्रवेशांच्या दिवसांत, शोधणाऱ्याला ती सापडतात. मुलीच्या वडिलांनी अडीच हजार सांगितले. मी पट्टी काढून माप घेऊ लागले तेव्हा ते हसून म्हणाले, “काकू, ब्लाउजपीस घेताय का?” पण मी डावीकडच्या पहिल्या पट्टीपासून उजवीकडच्या शेवटच्या पट्टीपर्यंत एकसष्टही पट्ट्या, एकदा हळू आणि एकदा जोराने, दाबून पाहिल्या. तीन मुक्या निघाल्या आणि एक दाबली की दचकून ओरडे.

येथे घाबरू नये, हे मला नंतर कळले. प्रत्येक पट्टीच्या तळाशी रबराची एक छोटी टोपी असते आणि तिच्या आत कार्बनची काळी टिकली. पट्टी दाबली की ती टिकली खालच्या मुद्रित फलकावर टेकते आणि विद्युत्मंडल पूर्ण होते. मध्ये धूळ बसली की पट्टी मुकी होते, क्वचित वेडीवाकडी बोलते. एकदोन पट्ट्या इकडेतिकडे मुक्या असतील, तर प्रायः धूळच. मात्र ठरावीक अंतराने किंवा सलग एका झुंडीने पट्ट्या मुक्या असतील, तर आतली जोडणीच तुटलेली असण्याचा संभव मोठा. ते वाद्य फुकट मिळाले तरी विचार करावा. बॅटरीचे झाकणही उघडून पाहावे. आत पांढरी-हिरवी बुरशीसारखी खरड दिसली, तर जुन्या बॅटऱ्या तेथेच पाझरल्या आहेत आणि धातूचे संपर्क खाल्ले गेले आहेत असे समजावे. आवाजाची कळ फिरवताना खरखर झाली तर तीही बहुधा धूळच. किंमत कमी करून घेण्यास मात्र ती उपयोगी पडते. मला दोन हजारांत मिळाले.

विजेच्या पिनेविषयी एक गोष्ट निक्षून सांगते. मूळ ॲडॅप्टर हरवलेला असतो आणि विक्रेता घरात सापडेल तो हातात ठेवतो. टोक आत बसले म्हणजे जुळले, असे नाही. वाद्याच्या मागे किती व्होल्ट हवेत ते छापलेले असते, आणि वर्तुळ व टिंबाची एक लहानशी आकृती असते. तिच्यावरून मधली टाचणी धन की ऋण हे कळते. पुष्कळशा जुन्या कॅसिओंत ती ऋण असते, यामाहात धन. उलटे लावले तर अडीच हजारांचे वाद्य एका क्षणात जळू शकते.

आता जे सांगायचे, ते अन्यत्र कोठे कोणी सांगणार नाही. पलंगाखाली दोन-तीन वर्षे पडून राहिलेल्या वाद्यात मुंग्या, झुरळे, कोळी यांनी संसार थाटलेला असतो. वीज लावून पाहण्याची घाई करू नये. मी ते वाद्य गच्चीवर सावलीत कापडावर रात्रभर उलटे ठेवले, सकाळी हलकेच थोपटले आणि पट्ट्यांच्या फटींवरून मऊ पूंजणी फिरवली. अकरा मुंग्या आणि एक पाल (होय, पाल; बोटभर लांबीची) जयणेने बाहेर काढली. मग ते वाद्य लाईन आळीतील एका वृद्ध रेडिओ दुरुस्तकांकडे नेले. त्यांनी मागचे स्क्रू काढून रबराच्या टोप्या उचलल्या, कापसाच्या काडीने स्पिरिट लावून टिकल्या पुसल्या आणि अर्ध्या तासात चारही पट्ट्या ठीक केल्या. पैसे घेताना म्हणाले, “यात बिघडण्यासारखे फार काही नसते बाई, लोक उघडून पाहत नाहीत एवढेच.” यामाहा कंपनीची सुरुवातच मुळी दुरुस्तीतून झाली. १८८७ साली जपानच्या हामामात्सु गावातील शाळेचा बिघडलेला ऑर्गन तोराकुसु यामाहा या कारागिराने दुरुस्त केला, आणि तो आतून पाहिल्यावर आपणही असा करू शकू असे त्याला वाटले.

काही जाणकार नाक मुरडतील. कॅसिओत मींड नाही, सप्तकाचे बारा समान तुकडे करून ठेवले आहेत, आपल्या रागसंगीताचे सूक्ष्म स्वर त्यात कोठून येणार? आक्षेप खरा आहे, पण नवा नाही. हाच आक्षेप पेटीवर घेतला गेला होता आणि १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने तिला बंदी घातली होती. तरीही ज्यांच्या बोटांतून महाराष्ट्राने पेटी ऐकली ते गोविंदराव टेंबे १९११ च्या ‘मानापमान’ला चाली देऊन गेलेच. पेटीही मुळात युरोपातून आलेली. आज तिला परकी कोण म्हणतो? आणि आम्हांस राग आळवायचा नव्हता. पंचवीस भगिनींना एका सुरात धरायचे होते.

त्या कामी कॅसिओतील एक बटण पेटीलाही मागे टाकते. त्याला ट्रान्सपोज म्हणतात. मला पांढरी एकपासूनच सरगम वाजवता येते. आमच्या मावशींचा सूर लागतो पांढरी चारला. बटणाने पाच घरे वर सरकवले की माझी बोटे जागची हलत नाहीत आणि सूर मात्र पांढरी चारचा निघतो. विकत घेताना हे बटण आहे की नाही ते अवश्य पाहावे. फक्त काम झाल्यावर ते परत शून्यावर आणावे. मी एकदा विसरले आणि दुसऱ्या दिवशी सबंध सकाळ वाद्य बिघडले म्हणून हळहळत बसले.

बोटांच्या बाबतीत मला रवींद्र जैन यांचे स्मरण फार उपयोगी पडले. १९४४ साली अलीगढला जन्मलेले आपल्याच समाजातील हे संगीतकार जन्मांध होते. ‘चितचोर’ची गाणी करणाऱ्या त्या हातांनी पेटीच्या पट्ट्या कधी पाहिल्याच नव्हत्या. काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांनी का मांडल्या आहेत, हे डोळे मिटून बसल्यावर मला उमगले. दोनच्या गटाच्या अलीकडची पांढरी ती पांढरी एक, तीनच्या गटाच्या अलीकडची ती पांढरी चार. बोटांना ते पंधरा दिवसांत कळले. डोळे उघडे असताना दोन महिने कळले नव्हते. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून पहाटे कानाला हेडफोन लावून बसते. यजमान म्हणतात, तू मुक्या टेबलावर टिचक्या मारतेस.

चार महिन्यांनी सात स्तवने बसली आणि मी मंडळात विषय काढला. तेव्हा अडचण आली ती निराळीच. साधू-साध्वींच्या सान्निध्यात विजेची साधने न वापरण्याची मर्यादा अनेक संघ पाळतात, आमचाही पाळतो. चातुर्मास सुरू होता, साध्वीजी महाराज उपाश्रयात विराजमान होत्या. ज्येष्ठ भगिनींनी स्पष्ट सांगितले, वाद्य येथे यायचे नाही. बॅटरीवर चालते, असे मी म्हणून पाहिले. “बॅटरीत काय पाणी असते?” असे उत्तर आले. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू. पण त्या बरोबर होत्या.

मग असे ठरले की दर बुधवारी दुपारी सगळ्यांनी आमच्या घरी यावे. तेथे कॅसिओ पांढरी चारला लावून प्रत्येक स्तवन दोनदा म्हणायचे, आणि तिसऱ्यांदा वाद्य बंद करून. पहिल्या बुधवारी सहा जणी आल्या, श्रावण सरेपर्यंत एकोणीस. मावशींना मी स्वतः रिक्षाने घेऊन आले. पर्युषणात भगवान महावीरांच्या जन्मवाचनाच्या दिवशी उपाश्रयात वाद्य नव्हते; केवळ मंजिरा होता. स्तवनाचा पहिला सूर मावशींनी धरला, आणि मी मनातल्या मनात बोट टेकवून पाहिले, तर तो पांढरी चारच होता.

पावसाळ्यात पनवेलची हवा किती दमट असते ते येथे राहणाऱ्यांस सांगावयास नको. वाद्य सुती कापडात गुंडाळून ठेवावे, रोज दहा मिनिटे तरी वाजवावे आणि बॅटऱ्या आत ठेवू नयेत. कापडात चार शिलिका जेलच्या पुड्या टाकल्या की झाले. नव्या चपलांच्या खोक्यात त्या फुकट मिळतात.

परवा मंडळातील एक सूनबाई विचारीत होती, “काकू, मलाही एक बघून द्याल का? तीन हजारांच्या आत.” कामोठ्याला एका घरी आहे असे कळले आहे. रविवारी दुपारी तिच्याबरोबर जायचे ठरले. नातवाची पट्टी पिशवीत टाकून ठेवली आहे. त्याने शाळेसाठी दुसरी मागितली आहे.