खुज्या रोपाची साक्ष

किरणोत्सर्गाने बिघडलेले रोप निरुपयोगी म्हणून उपटून टाकणे मला अशास्त्रीय वाटते. जनुकाचे कार्य पुष्कळदा ते बंद पडल्यावरच उमगते. कॅलिफोर्नियात कॅलरोझ भाताच्या बियाण्यावर गॅमा किरणांचा मारा करून बुटका, सहसा न लोळणारा ‘कॅलरोझ ७६’ वाण १९७६ साली प्रसारित झाला. त्याचे खोड आखूड का, हे २००२ मध्ये उलगडले : जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक घडविणाऱ्या एका विकराच्या जनुकातच दोष होता. वाण आधी, कारण २६ वर्षांनी! ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने याच मार्गाने भुईमुगाचे सरस वाण दिले, त्याचा अभिमान आहेच. परंतु उत्पन्न न देणारी उत्परिवर्तितेही बीजसंग्रहात जपली जावीत. आपल्या वसतिगृहातील शेतकऱ्यांच्या मुलांनीही वाफ्यातले वेगळे रोप उपटण्यापूर्वी त्याची नोंद करावी.