दोन निखारे

नाताळ जवळ आला, की आमच्या धर्मग्रामातील अंगणांत अलीकडे एक नवी हौस दिसू लागते. लोखंडी जाळी, कोळशाचे पोते आणि जाळीवर दोन बोटे जाडीचा मांसाचा तुकडा. या प्रकाराला ‘आसादो’ म्हणतात, तो मूळचा अर्जेंटिना देशातला, त्याच्या जोडीला ‘चोरिसो’ नावाची सॉसेज भाजतात, ही माहिती आता शाळकरी मुलेही आम्हाला ऐकवतात. या हौसेला आमचा विरोध नाही. तोंड वाकडे करून जेवणाऱ्यांचा आपला धर्म नव्हे. प्रत्यक्ष प्रभूवर त्याच्या निंदकांनी खादाडपणाचा आळ घेतला होता, हे शुभवर्तमानाने लपविलेले नाही. आमचा विरोध आहे तो त्या जाळीभोवती आखल्या जाणाऱ्या रिंगणाला. आणि त्याविषयी स्पष्ट लिहिणे आम्हाला कर्तव्य वाटते.

हे रिंगण कसे आखले जाते ते पाहा. रश्श्याची पातेली चुलीवर असली, की दारात आलेल्या माणसाला ‘जेवून जा’ म्हणता येते. एक पळी पाणी वाढले, दोन भाकऱ्या जास्त थापल्या, की झाले. स्टेकचे तसे नाही. तीनशे ग्रॅमचा तुकडा एका माणसाचा. तुकडे मोजून आणायचे, म्हणजे माणसेही मोजूनच बोलवायची. मग यादी होते. यादीत साहेब येतात, गाडीवाले येतात, परतफेडीचे निमंत्रण देऊ शकतील असे सर्व येतात. त्याच चर्चमध्ये त्याच बाकावर बसणारा रिक्षाचालक, भांडी घासून मुले शिकविणारी विधवा, ऊसतोडीच्या मुकादमाकडे राबणारे कुटुंब, यांची नावे यादीतून आपोआप गळतात. कोणी मुद्दाम गाळत नाही. तुकड्यांचा हिशेबच त्यांना गाळतो. आणि ज्यांना एकदा बोलावणे आले, ते पुढच्या वर्षी मुलाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाला कर्ज काढून तोच थाट मांडतात. ही प्रगती आहे, असे जे म्हणतात, त्यांच्याशी आमचा वाद आहे.

आधी ज्यांचे अनुकरण चालले आहे, त्यांच्याकडे नीट पाहू या. अर्जेंटिनात गाय ही मुळात परदेशी. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तेथे गुरे नेली, आणि पाम्पास नावाच्या अफाट गवताळ मैदानांवर ती मोकाट वाढली. दीर्घकाळ तेथील व्यापार कातडी आणि चरबीचा होता; मांसाला मोल नव्हते. ‘गाउचो’ म्हणून ओळखले जाणारे गरीब, भटके गुराखी ते मोकळ्या रानात आगीवर भाजून खात. म्हणजे आसादोचा जन्म श्रीमंताच्या दिवाणखान्यात झालेला नाही. पुढे १८७६ साली शीतयंत्र बसविलेले पहिले फ्रेंच जहाज ब्वेनोस आयरेसच्या बंदराला लागले, आणि त्यानंतरच्या दशकांत उत्तम मांस इंग्लंडच्या बाजारात जाऊ लागले. आजही तेथील खऱ्या आसादोत बरगड्यांच्या आडव्या पट्ट्या, पोटाकडील मांस, आतडी, गुर्दे आणि रक्ताची सॉसेज यांना मान असतो. या आतल्या भागांना तेथे ‘आचुरास’ म्हणतात. आणि हा शब्द केचुआ या मूळ रहिवाशांच्या भाषेतील ‘वाटून देणे’ या अर्थाच्या शब्दावरून आला, असे मानले जाते.

कृतीही तितकीच साधी आहे. लाकूड किंवा कोळसा बाजूला पेटवायचा. ज्वाळा विझून निखाऱ्यांवर पांढरी राख धरली, की ते थोडे थोडे जाळीखाली ओढायचे. मांसाला जाडे मीठ, बाकी मसाला नाही. बरगड्यांची हाडाची बाजू प्रथम खाली ठेवायची आणि तास-दीड तास घाई करायची नाही. ज्वाळेवर मांस धरणे हे तेथे अडाणीपणाचे लक्षण. लसूण, पार्सली, ओरेगानो, मिरची, तेल आणि व्हिनेगर यांचे ‘चिमिचुरी’ वर घेतात. पार्सलीच्या जागी कोथिंबीर घातली, तर तो व्हिनेगरने सैल केलेला आपला ठेचाच. विस्तव सांभाळणारा माणूस सर्वांना वाढतो, आणि पंगत त्याच्यासाठी टाळ्या वाजविते. बांधकामावरचे मजूरसुद्धा दुपारी कामाच्या जागीच अशी जाळी लावतात. आम्ही या साऱ्यातून काय उचलले? वाटून खाणे तेथेच राहिले, धीर तेथेच राहिला. इकडे आला तो फक्त महागडा तुकडा!

आणि खरे सांगायचे, तर हे शिकण्यासाठी कोल्हापूरकराला समुद्र ओलांडण्याची गरजच नव्हती. ज्या गावाने एका बोकडातून तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुके, खिमा, मुंडी, पाया आणि रक्ती उभी केली, त्या गावाला मांसाचा मान राखणे कोणी शिकवावे? आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेच्या दिवसांत येथील गल्ल्यांत बकरी कापली जातात आणि घरटी वाटे पडतात. आमचे हिंदू शेजारी आपल्या श्रद्धेने जो सण करतात, त्यात ‘वाटा’ हा शब्द केंद्रस्थानी आहे. केचुआ भाषेतला तो शब्द आणि कोल्हापूरच्या गल्लीतला हा शब्द एकच गोष्ट सांगतात. आम्ही मात्र, ज्यांच्या वेदीवर दर रविवारी भाकर मोडून वाटली जाते, ते वाट्याकडून तुकड्याकडे चाललो आहोत.

चोरिसोची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. आजरा, गडहिंग्लज, चंदगड, सावंतवाडी या पट्ट्यातील, आणि तेथून कोल्हापुरात आलेल्या कितीतरी कॅथलिक घरांत चोरीस नवी नाही. स्पॅनिश चोरिसो आणि पोर्तुगीज शोरीसु या सख्ख्या बहिणी. त्यांतील दुसरी गोव्यात आली आणि आपली झाली. डुकराच्या मांसाचे व चरबीचे बारीक तुकडे मिठात दाबून त्यांचे पाणी काढायचे. मिरची, लसूण, आले, हळद, मिरी, लवंग, दालचिनी माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटून त्यात ते मुरवायचे. मग आतड्यात भरून दोऱ्याने गाठी मारायच्या, की जपमाळेच्या मण्यांसारखी माळ तयार होते. ती उन्हात व धुरावर वाळवून पावसाळ्याची बेगमी करणाऱ्या आजी अजून आपल्यात आहेत. गंमत अशी, की चोरीसला लाल करणारी मिरचीही अमेरिका खंडातून पोर्तुगिजांनी आणलेली. त्यांची गाय परकी, आपली मिरची परकी. आणि दोन्ही आज कोणाला परक्या वाटत नाहीत.

तरीही आज तीच आजीची चोरीस पाहुण्यांसमोर ठेवायला सूनबाईंना संकोच वाटतो, कारण तिला वास येतो म्हणे! तीच वस्तू स्पॅनिश नावाने, चकचकीत पाकिटात, चौपट दराने आली, की तिचा वास सुगंध होतो. अर्जेंटिनात फुटबॉलच्या मैदानाबाहेर गोरगरीब पावात चोरिसो घालून खातात, त्याला ते ‘चोरिपान’ म्हणतात. आपल्याकडे त्यालाच चोरीस-पाव म्हणत आले आहेत. मग लाज कशाची? येथे गृहिणींसाठी एक सूचना करणे अगत्याचे आहे. अर्जेंटिनाचा चोरिसो ताजा व सौम्य असतो, म्हणून तो मंद निखाऱ्यावर भाजता येतो. आपली चोरीस मुरलेली, तिखट आणि चरबीने भरलेली. थेट आचेवर धरली तर मसाला करपतो आणि आत मांस कच्चे राहते. तिला आधी थोड्या पाण्यात कांद्या-बटाट्याबरोबर शिजवावे, मग हवी तर क्षणभर जाळीवर ठेवावी. डुकराचे मांस कच्चे राहू देऊ नये; पट्टकृमीचा धोका खरा आहे.

आता गोमांसाविषयी. या विषयावर आपल्यातले काहीजण कुजबुजतात, काहीजण फुशारकी मारतात; आम्हाला दोन्ही नापसंत आहेत. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल बंद झाली. १९९५ च्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली, तेव्हापासून बैल व वळू यांचीही बंद आहे. कायदा आवडो न आवडो, तो कायदा आहे. त्याच्याविषयी मत मांडण्याचे सनदशीर मार्ग नागरिकाला मोकळे आहेत. चोरून आणलेला तुकडा जाळीवर ठेवून ‘आम्ही ख्रिस्ती, आमचे हे खाणे’ असे जो म्हणतो, तो श्रद्धेची साक्ष देत नाही, शेजाऱ्याला डिवचतो. मूर्तींना वाहिलेल्या मांसाचा प्रश्न करिंथच्या मंडळीत उद्भवला, तेव्हा संत पौलाने स्वातंत्र्य मान्य केले, पण माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी मांसच सोडीन, असा निर्वाळा दिला. म्हशीचे, शेळी-मेंढीचे, डुकराचे, कोंबडीचे मांस येथे मिळते. निखाऱ्याला त्यातले कोणतेही चालते.

पण ही गोष्ट दुसऱ्या बाजूनेही बोलली पाहिजे. ताटावरून श्रद्धा आणि निष्ठा मोजण्याची खोड जुनी आहे, आणि तिचे चटके आमच्याच पूर्वजांनी सोसले आहेत. गोव्यातील इन्क्विझिशनने १७३६ च्या फर्मानात ख्रिस्ती घरांना ज्या गोष्टींची मनाई केली, त्यांत मीठ न घालता भात शिजविणेही होते! भातात मीठ आहे की नाही, यावरून बाप्तिस्मा खरा की खोटा हे ठरू पाहणाऱ्यांनी ख्रिस्ताची सेवा केली नाही. आज कोणी आमच्या ताटाकडे बोट दाखवून आम्हाला परके ठरवीत असेल, तर तोही त्याच चुकीच्या वाटेवर आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली मराठीत छापले गेले. आमचे मराठीपण सॉसेजवर अवलंबून नाही, आणि आमचे कॅथलिकपणही स्टेकवर अवलंबून नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला तरुणांचा : ‘फादर, कष्टाचा पैसा आमचा, अंगण आमचे, चर्चचा काय संबंध?’ संबंध आहे. त्याच करिंथच्या मंडळीत धनिक आपले जेवण आधी उरकत आणि गरीब उपाशी राहत. त्या भोजनाला प्रभुभोजन म्हणायलाच पौलाने नकार दिला. मिस्सा आणि मेजवानी यांच्यामध्ये भिंत नाही. उधळ्या पुत्रासाठी बापाने पुष्ट वासरू कापले, ते एकट्याने खाण्यासाठी नव्हे. सारे घर नाचत-गात जेवले. थोरला मुलगा मात्र बाहेर उभा राहून न मिळालेल्या करडाचा हिशेब करीत राहिला. आमची यादी त्या बापासारखी असते की त्या थोरल्या भावासारखी?

दुसरा आक्षेप ज्येष्ठांचा : ‘हे सारे विदेशी थेर बंदच करा.’ तेही आम्हाला मान्य नाही. पोप फ्रान्सिस याच ब्वेनोस आयरेस शहरात १९३६ साली जन्मले. तेथे आर्चबिशप असताना ते साध्या घरात राहत आणि स्वतः स्वयंपाक करीत. नोव्हेंबर २०१५ मधील एका प्रबोधनात त्यांनी कुटुंबाच्या एकत्र जेवणावर भर दिला, आणि ताटावर बसून दूरदर्शन वा फोन पाहणाऱ्या घराला कुटुंब म्हणणे कठीण आहे, असे बजावले. गरिबांचा जागतिक दिन त्यांनी सुरू केला. २०१७ साली तो प्रथम पाळला गेला तेव्हा ते गरिबांच्या पंगतीला बसले. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते प्रभुचरणी गेले. त्यांच्या देशाकडून काही घ्यायचेच, तर हे घ्यावे.

शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक पाठात निखाऱ्यांच्या विस्तवासाठी ‘आन्थ्राकिया’ असा एक शब्द आहे. संपूर्ण नव्या करारात तो दोनदाच येतो, आणि दोन्ही वेळा संत योहानाच्या शुभवर्तमानात. पहिला निखारा प्रमुख याजकाच्या अंगणातला. थंडी होती, पेत्र तेथे शेकत उभा राहिला, आणि आपल्या प्रभूला ओळखत नाही म्हणाला. दुसरा निखारा तिबिर्याच्या किनाऱ्यावरचा. तो पुनरुत्थित प्रभूने स्वतः पेटविला होता. त्यावर मासळी होती, जवळ भाकर होती, आणि रात्रभर राबून आलेल्या कोळ्यांना न्याहारीचे बोलावणे होते. मासळी तयार असतानाही प्रभूने त्यांना त्यांच्या जाळ्यातली थोडी आणायला सांगितले. प्रत्येकाचे काहीतरी त्या विस्तवावर असावे, अशी त्याची इच्छा होती. तेथेच पेत्र पुन्हा जोडला गेला.

आपल्या अंगणात ज्यांना आपण ओळख दाखवीत नाही, ते प्रभूचेच आहेत. म्हणून आमचे सांगणे असे. नाताळच्या आठवड्यात घरोघरी वेगळी जाळी लावण्याऐवजी चर्चच्या आवारात एकच मोठा विस्तव करावा. ज्याला जे परवडेल ते त्याने आणावे : कोणी बरगड्या, कोणी कोंबडी, कोणी नुसती मक्याची कणसे आणि रताळी. मांस न खाणाऱ्या शेजाऱ्यांसाठी वेगळी जाळी असावी. शेजारी पांढऱ्या रश्श्याचे पातेले राहू द्यावे, म्हणजे उशिरा आलेला उपाशी जाणार नाही. चोरीस करणाऱ्या आजींना एक दिवस मान देऊन बोलवावे आणि सुनांनी व नातवांनीही ती विद्या हातात घ्यावी. उपवासकाळातील शुक्रवारी जाळी थंड असावी, आणि वाचलेला पैसा सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या पेटीत पडावा. कर्ज काढून मेजवानी करू पाहणाऱ्या आईबापांना तर आम्ही हात जोडून सांगतो : तुमच्या लेकराला ख्रिस्तप्रसाद मिळाला आहे, त्याहून मोठे जेवण तुम्हाला कोणाला दाखवायचे आहे?

येत्या नाताळची यादी करताना आधी ती नावे लिहा, जी दरवर्षी गळतात. ती लिहून झाल्यावर तुकडे पुरत नाहीत असे दिसले, तर तुकडे लहान करा. नावे कमी करू नका.