जुनी रायफल आणि नवा धनी

अमेरिकेत जुन्या शिकारी रायफली हौसेने विकत घेतल्या जातात. त्यांत आर्थर सॅव्हेज यांची १८९९ ची लिव्हर रायफल निराळी ठरते. तत्कालीन बहुतेक लिव्हर रायफलींत काडतुसे नळीखालील नळकांड्यात एकामागे एक बसत. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आदळून स्फोट होऊ नये, म्हणून गोळी बोथट ठेवावी लागे. सॅव्हेज यांनी फिरते मॅगझिन योजून ही अडचणच दूर केली. असे यंत्र केवळ भिंतीवर टांगणे हा त्याच्या कर्त्यावर अन्याय होय.

परंतु ते चालविण्याचा अधिकार नुसत्या किमतीने मिळत नाही. भारतीय पोलिसांनी वर्षानुवर्षे वापरलेली ‘थ्री नॉट थ्री’ आणि ‘.३०३ सॅव्हेज’ यांचा आकडा एक असला, तरी काडतुसे भिन्न आहेत. एकाच्या जागी दुसरे वापरू पाहणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून जाणत्या कारागिराकडून रायफल तपासून घेणे आणि योग्य काडतूस मिळेपर्यंत थांबणे, हा खरेदीचाच भाग मानला पाहिजे. एवढा संयम ज्याच्यापाशी नाही, त्याने ती भिंतीवरच राहू द्यावी.